आधी एक खोली, मग घर

आमच्या किनाऱ्यावरच्या घिवली गावात मांजराचं पिल्लू सहसा कुणी विकत आणत नाही. शेजारची मनी माळ्यावर व्याली की तिची पिल्लं घरोघर जातात, आणि जातात ती फार लवकर. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात, मग दुडूदुडू चालायला लागलं की मुलं उचलून आणतात. खरं तर आठ आठवडे तरी पिल्लू आईजवळ हवं. चावा किती हलका घ्यायचा, नखं कधी आत ओढायची हे भावंडांशी मस्ती करताना ते शिकतं. तिथे शिकायचं राहून गेलं तर मग आपल्या हातांवर शिकतं.

घरी आणल्यावर त्याला सगळं घर दाखवायची घाई नको. एक खोली द्या, दार लावून. मांजर जागा ओळखतं ती वासाने, आणि नव्या घरात त्याच्या ओळखीचा वासच नसतो. म्हणून ते पलंगाखाली नाहीतर तांदळाच्या पिंपामागे शिरतं. ओढून काढू नका. आई झोपायची त्या गोणपाटाचा तुकडा मागून आणा, खोक्यात घाला आणि आपण जमिनीवर गप्प बसा. एका खोलीत किती दिवस ठेवायचं, असं सगळे विचारतात. मी म्हणते, दिवस मोजू नका, गाल बघा. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. पिल्लू खुर्चीच्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासायला लागलं की त्याने त्या जागेवर आपला वास लावला. मग पुढचं दार उघडा.

शी-शूसाठी उथळ टोपात दोन-तीन इंच वाळू पुरते. किनाऱ्याची असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्या. टोप जेवणापासून लांब ठेवा आणि रोज साफ करा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

दुधाचं मात्र आपल्या लोकांना पटत नाही. दूध सुटलेल्या पिल्लाला गाईम्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. त्याला पाणी द्या, आणि दिवसातून चार वेळा थोडंथोडं पिल्लांचं तयार खाणं. मासा द्यायचा तर उकडून, काटे काढून, मीठमसाल्याशिवाय आणि वरचा घास म्हणूनच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरात सुकं असतं. खारवलेलं सुकं पिल्लाला नको.

आमच्याकडचा खरा धोका ओटीवर पडलेला असतो. जाळं दुरुस्त करताना नायलॉनचे तुकडे खाली पडतात आणि पिल्लू त्यांच्याशी खेळतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा त्यांत अडकला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. एक टोक जिभेखाली अडकून राहतं, दुसरं आतड्यात सरकतं, आणि ताणलेल्या दोऱ्यावर आतडं चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच बोईसर-पालघरच्या पशुवैद्याकडे न्या. काम उरकलं की ओटी झाडा. गळ डब्यात ठेवा.

ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती विष आहे. जंताचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांपासूनच्या लसी पशुवैद्याला विचारून द्या. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यानंतर. पिल्लाचं नख किंवा दात लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात दाखवा.

अंगणात सोडायची घाई नको. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, तेव्हा शस्त्रक्रियेचं आधीच विचारून ठेवा. पहिल्यांदा सोडाल ते जेवणाआधी, पोट रिकामं असताना. म्हणजे वाटी वाजवली की परत येतं. विहिरीवर जाळी आहे ना, ते बघा. आणि सकाळी स्कूटर सुरू करण्याआधी सीटवर दोन थापा मारा, थंडीत पिल्लू उबेला इंजिनाजवळ जाऊन झोपतं.