अवकाशीय कचरा : लेसरद्वारे निवारण

निकामी कृत्रिम उपग्रह, अग्निबाणांचे रिते टप्पे व त्यांचे तुकडे पृथ्वीभोवती फिरत राहतात. त्यांस अवकाशीय कचरा म्हणतात. लेसर शलाकेने त्याची गती कमी करून तो वातावरणात जळून जाईल असे करणे, हे लेसरद्वारे निवारणाचे सूत्र होय.

2 एप्रिल 2022 रोजी रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असे तज्ञांचे मत आहे. अशा मोठ्या वस्तूंचा मागोवा घेता येतो. कक्षेत खरा धोका 1 ते 10 सेंमी. आकारमानाच्या, सु. दहा लाख तुकड्यांचा आहे. संरक्षक कवच त्यांना थोपवू शकत नाही आणि बहुतेकांचा नियमित मागोवाही घेता येत नाही. निम्न कक्षेतील टकरीचा सापेक्ष वेग सेकंदाला सु. 10 किमी. असू शकतो. 10 फेब्रुवारी 2009 रोजी इरिडियम-33 व कॉसमॉस-2251 हे उपग्रह आदळून सु. 2,000 मोठे तुकडे निर्माण झाले.

लेसर तुकड्यास जाळून नष्ट करीत नाही. तीव्र स्पंदामुळे पृष्ठाचा अतिपातळ थर बाष्परूपाने वेगाने बाहेर पडतो व प्रतिक्रियेमुळे तुकड्यास उलट रेटा मिळतो. तुकडा लेसर केंद्राकडे येत असताना हा रेटा त्याच्या गतीला काही अंशी विरोध करतो. 800 किमी. उंचीच्या वर्तुळाकार कक्षेचा पृथ्वीलगतचा बिंदू 200 किमी.पर्यंत खाली आणण्यास वेग सेकंदाला सु. 160 मी. एवढा, म्हणजे जेमतेम दोन टक्के, कमी करावा लागतो. पुढील काम विरळ हवेचा विरोध करतो.

अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकात नासाच्या ‘ओरायन’ अभ्यासाने भूस्थित लेसराची योजना मांडली. 2015 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील शास्त्रज्ञांनी लेसर अवकाशस्थानकावर बसविण्याचे सुचविले. तथापि या पद्धतीने कोणताही तुकडा अद्याप कक्षेतून खाली आणलेला नाही. वातावरणातील खळबळीने शलाका विस्कटते. लाडबोरीसारख्या घटनांमागील अवजड टप्प्यांना हा रेटा अपुरा पडतो. शिवाय त्यांचे काही भाग न जळता जमिनीवर पोहोचतात. 1967 च्या अवकाशविषयक करारानुसार निकामी वस्तूवरही संबंधित राष्ट्राची मालकी टिकते आणि कचरा हलविणारा लेसर चालू उपग्रहावरही रोखता येतो. त्यामुळे अशा यंत्रणेस आंतरराष्ट्रीय संमती व देखरेख आवश्यक ठरते.