स्थानिक इतिहासाची संग्रहालयीन मांडणी : काळाचौकीच्या संदर्भात

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाचे दालन म्हणजे केवळ जुन्या वस्तूंचा संग्रह नव्हे. वस्तू कोणी वापरली, कोणत्या परिस्थितीत वापरली आणि कोणी जपली, हे कळले तरच ती इतिहासाचे साधन ठरते. प्रस्तुत लेखात काळाचौकी परिसराच्या अनुषंगाने या मुद्द्याचा विचार केला आहे.

दोन परंपरा

काळाचौकीपासून जवळच, भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ साली खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील मातीच्या लहान प्रतिकृतींतून विविध समाजांचे वेश व व्यवसाय यांचे दर्शन घडते. मात्र तेथे माणूस ‘नमुना’ म्हणून उभा आहे. त्याला नाव नाही.

याउलट, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट जोसेफ येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी आपल्या मठाच्या छोट्या संग्रहालयात स्वतःच्याच समुदायाचे जीवन व श्रम सांगणाऱ्या वस्तू जपल्या. येथे इतिहास घडविणारे व तो मांडणारे एकच आहेत.

गिरणगावाची सामग्री

काळाचौकीतील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने हाती घेतला. अशा संग्रहालयात यंत्रमाग व चाती येणे स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्याने उद्योगाचा इतिहास कळेल, वस्तीचा नव्हे. बदली कामगाराला रोज गिरणीच्या दारात येऊनही कामाची शाश्वती नसे. ही अनिश्चितता त्याच्या कार्डावरून अधिक स्पष्ट होते. खानावळीचा डबा कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची साक्ष देतो. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या काळात घरातील कोणती वस्तू विकली आणि कोणती राखली, हीदेखील ऐतिहासिक नोंदच होय.

समारोप

मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या २००४ मधील इंग्रजी ग्रंथाने गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे मोल दाखवून दिले. संप पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. वस्तू पुढेही मिळतील, त्यांची हकिगत सांगणारे मिळणार नाहीत. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी वस्तूंबरोबर त्यांच्या धन्यांचे कथनही, संमतीने व नावानिशी, नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.