न वितळणारे भांडे, तरीही जपून!

दौलताबादचा किल्ला उतरून दमलेला पर्यटक पायथ्याशी जेवायला बसतो. समोर मेलामाईनच्या रंगीत वाडग्यात कढत, आंबट आमटी येते. भांडे हलके, सहसा न फुटणारे आणि उष्णतेने न वितळणारे. मग ते सुरक्षितच, असे कुणालाही वाटेल.

मेलामाईन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून हे प्लास्टिक बनते. साच्यात उष्णता व दाब दिला की त्याचे रेणू जाळ्यासारखे घट्ट गुंफले जातात. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसे हे प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. कुकरची काळी बॅकेलाइटची मूठ याच जातीची.

मात्र उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की या जाळ्याचे काही बंध तुटतात आणि दोन्ही रसायने अल्प प्रमाणात अन्नात उतरतात. तैवानमधील एका अभ्यासात १२ जणांना गरम नूडल सूप दिले गेले. चिनी मातीच्या वाडग्याच्या तुलनेत मेलामाईनच्या वाडग्यातून सूप घेतल्यावर त्यांच्या लघवीत सहापट मेलामाईन आढळले. प्रमाण सूक्ष्म होते, एका जेवणाने कोणी आजारी पडत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. स्वस्त, नकली भांड्यांत मेलामाईनऐवजी युरिया वापरलेला असतो. त्याचे बंध गरम पाण्यात अधिक लवकर सुटतात.

म्हणून ७० अंश सेल्सिअसपेक्षा गरम पदार्थ या भांड्यात वाढू नयेत. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. चरे पडलेले, चमक गेलेले भांडे टाकून द्यावे. कढत आमटीला स्टीलची वाटीच बरी; मेलामाईनमध्ये दौलताबादची सीताफळे खुशाल ठेवावीत.