कळण्याची भाकरी आणि चार वर्षांची पदवी

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं गाव. जळगाव जिल्ह्याची हद्द जवळ, म्हणून इथल्या ताटात वऱ्हाड आणि खानदेश शेजारी बसतात. हिवाळ्यात या पट्ट्यात कळण्याची भाकरी होते. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणायचं, भाकरी तव्यावर खरपूस भाजायची, सोबत ठेचा, तेल आणि वांग्याचं भरीत. चव लागते म्हणून ती केली जाते, एवढंच घरात ठाऊक असतं.

पोषणशास्त्र शिकणारी मुलगी हीच भाकरी वहीत मांडते तेव्हा तिला वेगळंच दिसतं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी पडतं, ती उणीव ज्वारी भरून काढते. आजीच्या हातची जोडी जीवरसायनाच्या पेपरात जशीच्या तशी उतरते. पोषणशास्त्राच्या पदवीचं सगळं सामर्थ्य इथेच आहे, आणि नेमकं तेच लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही. ‘स्वयंपाकच शिकायचा तर कॉलेज कशाला?’ हा प्रश्न अजून घराघरांत विचारला जातो.

बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. 1 मे 1983 रोजी सुरू झालेल्या या विद्यापीठात गृहविज्ञानाचं शिक्षण मिळतं, पोषण त्यातच येतं. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं नावही या विषयात मोठं. पण शेतकरी घरातल्या मुलीला तिच्या शिवाराशी जोडून पोषण शिकायचं असेल, तर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ अधिक जवळचं वाटावं. बुलढाणा, चिखली, जालना असा एसटीचा लांबचा पल्ला आहे खरा, पण तिथे ज्वारीचं वाण काढणारे आणि ती ज्वारी खाणाऱ्याच्या रक्ताचा विचार करणारे एकाच विद्यापीठात काम करतात.

हे विद्यापीठ 18 मे 1972 चं. त्याचं गृहविज्ञान महाविद्यालय आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. अन्न व पोषणासोबत मानव विकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षणही करावं लागतं. केवळ पोषणच हवं असलेल्यांना हा पसारा वाटतो. गावात काम करायचं असेल तर मात्र तो उपयोगाचा आहे. घरात पैसा कोण खर्च करतं आणि सून शेवटी जेवते का, हे कळल्याशिवाय आहाराचा तक्ता भिंतीवरच राहतो.

खरी परीक्षा असते मोजमापाची. ‘काल सकाळपासून काय काय खाल्लं?’ असं विचारून चोवीस तासांचा आहार लिहून घ्यायचा. समोरची बाई सांगते, दोन भाकरी, पळीभर वरण, थोडी भाजी. भाकरी केवढी? पळी कोणती? त्या ‘थोडी’चे ग्रॅम किती? म्हणून आधी पीठ तोलायचं, वाटी पाण्याने भरून मापायची, मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडायचे. 2017 च्या तक्त्यांत 528 भारतीय अन्नपदार्थांचं पृथक्करण आहे. चहाचा कप विसरला तर हिशेब चुकतोच, कारण जेवणालगतच्या चहामुळे लोह कमी अंगी लागतं. ताटातलं लिंबू उलट मदत करतं.

याच विद्यापीठाच्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीचं उदाहरण घ्या. इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साहाय्याने तयार झालेलं हे वाण 2018 मध्ये आलं. लोह आणि जस्त वाढवलेली ही देशातली पहिली ज्वारी. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह, हिच्यात 45. दिवसाला 200 ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाणाऱ्या बाईला सहाऐवजी नऊ मिलिग्रॅम मिळतात. तिची शिफारस केलेली रोजची गरज 29. म्हणजे नुसतं बियाणं बदलून भागत नाही, ताटात डाळ, पालेभाजी, लिंबूही यायला हवं. विद्यार्थिनीने हा हिशेब एकदा स्वतः केला की ‘पौष्टिक खा’ हे वाक्य तिला अपुरं वाटू लागतं.

या शास्त्रात मराठी नाव नवं नाही. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, डाळी यांसारख्या रोजच्या अन्नावर संशोधन केलं.

गरज तर डोळ्यांसमोर आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, तर 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. ही मुलं, या बाया अंगणवाडीच्या उंबऱ्यावर भेटतात. पदवीधर मुलींना मात्र शहरातली रुग्णालयं आणि व्यायामशाळा जास्त दिसतात, कारण तिथे निदान पगार आहे. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने पोषणतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली, हे चांगलं झालं. पण तालुक्याच्या गावी त्यांच्यासाठी खुर्ची कुठे आहे? कुपोषित मुलांसाठीच्या ग्राम बाल विकास केंद्रात पोर दाखल असतं, तेव्हा त्याच्या आईशी बोलायला अशी एक मुलगी हवी, हे सरकारला कधीतरी मान्य करावं लागेल.

तिचं काम दिसायला साधं आहे. बाळाच्या डाव्या हाताच्या दंडाला पट्टी गुंडाळायची, ना सैल ना घट्ट, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात आकडा साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल ‘सॅम’ म्हणजे अतितीव्र कुपोषित. मग आईजवळ बसून विचारायचं, काल सकाळपासून बाळाने काय काय खाल्लं?