वासराचा रंग का पालटतो?

पुष्कळ प्राण्यांची पिले जन्मतात, तेव्हा त्यांच्या केसांचा रंग आईबापांच्या रंगाहून निराळा असतो. सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस याचे उदाहरण घरच्याच गोठ्यात पाहावयास मिळते. खिलार गाय राखी-पांढऱ्या रंगाची असते. परंतु तिच्या नवजात वासराचा माथा गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस दिसतो. दोन-तीन महिन्यांत ही तांबूस छटा नाहीशी होते व वासरू आईसारखे दिसू लागते.

खिलार ही म्हैसूर प्रदेशातील हळ्ळीकर गुरांशी नाते असलेली जात मानली जाते. हळ्ळीकर गुरे बेंगळुरूच्या आसपासच्या खेड्यांत आजही पाळली जातात आणि दोड्डबळ्ळापूरजवळील घाटी सुब्रमण्य येथे गुरांची मोठी जत्रा भरते. अशा बाजारात जनावर पारखणाऱ्याने रंगावरून काय ठरवावे व काय ठरवू नये, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. तांबूस माथा पाहून वासरू अस्सल जातीचे नाही असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच मोठ्या जनावराचे काळे केस तांबूस पडू लागले असता त्याकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे होय. हा भेद कळण्यासाठी केसांत रंग कोठून येतो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

केसांतील रंग

केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीत वाढतो. या पिशवीच्या तळाशी, म्हणजे केसाच्या मुळाशी, रंगद्रव्य तयार करणाऱ्या विशेष पेशी असतात. त्या दोन प्रकारची रंगद्रव्ये निर्माण करतात: एक काळे वा गडद तपकिरी, दुसरे पिवळे वा तांबूस. या द्रव्यांचे बारीक कण वाढत्या केसाच्या पेशींना दिले जातात. कोणते द्रव्य किती मिळाले व त्याचे कण कसे पसरले, यावर केस काळा, तपकिरी, पिवळसर किंवा राखी दिसणे अवलंबून असते. द्रव्य मुळीच मिळाले नाही, तर केस पांढरा दिसतो.

त्वचेबाहेर आलेल्या केसाचा भाग निर्जीव असतो. उन्हाने तो थोडाफार विटेल; परंतु शरीर त्याला नवा रंग देऊ शकत नाही. म्हणून वासराचा रंग पालटतो असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः जुना केस गळून त्या जागी निराळ्या रंगाचा नवा केस आलेला असतो. पालट मुळाशी होतो. आपल्याला तो काही आठवड्यांनी दिसतो.

एकाच केसाच्या वाढीतही असा पालट घडू शकतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणाऱ्या चिंचिला या कृंतक प्राण्याचा एक केस भिंगाखाली पाहिल्यास त्याचा बुंधा पाटीसारखा करडा, मधला पट्टा पांढुरका आणि टोक काळे दिसते. रंगपेशींना ‘गडद द्रव्य करा’ व ‘फिके द्रव्य करा’ असे रासायनिक संदेश मिळत असतात. टोक प्रथम तयार होते व बुंधा शेवटी; तेवढ्या काळात संदेश दोनदा पालटतो आणि त्याची नोंद केसावर राहते.

रानातील पिले

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेस बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील रानडुकराच्या पिलांच्या अंगावर फिकट व गडद असे लांब पट्टे असतात. झुडपांतून गाळून येणाऱ्या उन्हात या पट्ट्यांमुळे पिलाच्या शरीराची आकृती शत्रूच्या नजरेस चटकन येत नाही. काही महिन्यांत पिलू धावण्यास व प्रतिकार करण्यास समर्थ होते आणि पट्टेही मावळतात. गव्याचे वासरू जन्मतः फिकट सोनेरी असते. पुढे ते तपकिरी होते आणि पूर्ण वाढलेला नर जवळजवळ काळा दिसतो.

मात्र लपणे हाच प्रत्येक वेळी हेतू असतो, असे नव्हे. बेंगळुरूच्या वस्तीत सर्रास दिसणाऱ्या तपकिरी माकडांचे नवजात पिलू काळसर असते. महाराष्ट्रातील राखी वानरांची पिलेही गडद रंगाची असतात. असे पिलू कळपात उठून दिसते. त्यामुळे कळपातील माद्यांचे लक्ष त्याच्याकडे राहते व त्याची जपणूक होते, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

काही प्राण्यांत रंगाचा पालट नरत्वाशी निगडित असतो. तुमकुरू जिल्ह्यातील जयमंगली राखीव क्षेत्रात, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी अभयारण्यात काळविटांचे कळप आहेत. त्यांतील माद्या व पाडसे पिवळसर तपकिरी असतात. नर वयात येऊ लागला, की वृषणांतून निघणाऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाने त्याची पाठ व मान गडद होत जाते. म्हणून कळपाची गणना करणाऱ्याने केवळ रंगावर विसंबू नये. तरुण नर रंगाने मादीसारखाच दिसतो, मात्र त्याला शिंगे असतात. राखी गुरांतही हाच नियम दिसतो. वळूची मान व खांदे गडद असतात. खच्ची केलेला बैल सहसा त्याहून फिकट असतो.

निसर्गक्रम व रोगलक्षण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वयानुसार होणारा पालट ठरलेल्या काळी, ठरलेल्या जागी आणि त्या जातीच्या सर्व वासरांत सारखाच होतो. वासरू दूध पिते, बागडते व वजनाने वाढते. अशा वासराच्या तांबूस माथ्याची काळजी करण्याचे कारण नाही.

याउलट काळे रंगद्रव्य तयार होण्यासाठी एका विकराची गरज असते आणि त्या विकरास तांबे लागते. चाऱ्यात तांबे कमी पडले, किंवा जमिनीतील मॉलिब्डेनम अधिक असल्यामुळे ते शरीरात नीट शोषले गेले नाही, तर नवे केस रंगहीन येऊ लागतात. काळे जनावर विटकर दिसते. कित्येकदा डोळ्यांभोवतीचे केस फिके पडून चष्मा घातल्यासारखा भास होतो. जोडीला हगवण, अशक्तपणा किंवा वाढ खुंटणे ही लक्षणे असल्यास पशुवैद्यास दाखविणे अगत्याचे आहे. तांब्यासाठी घरीच मोरचूद चारणे मात्र धोक्याचे होय. अधिक तांबे विषारी असते आणि मेंढ्यांस तर थोडे अधिक झालेलेही सोसत नाही.

तेव्हा वासराचा रंग पाहताना त्याचे वय विचारावे, त्याच जातीची समवयस्क वासरे शेजारी उभी करून पाहावीत आणि रंगाबरोबर त्याची भूक व चपळाई यांकडेही लक्ष द्यावे. शाळेतील विद्यार्थ्यांनी जवळच्या गोठ्यातील एखाद्या वासराचे वर्णन जन्मापासून सहा महिने दर पंधरवड्यास वहीत लिहून ठेवावे. माथा, मान, पाठ व पाय यांच्या रंगाची नोंद निरनिराळी केली, म्हणजे कोणता केस आधी पालटला व कोणता नंतर, हे त्यांना स्वतःच सांगता येईल.