सागवानी फर्निचर : विकण्यापूर्वी थोडा हिशेब

नागपूरच्या इतवारीतील जुनी घरे सोडून अनेक व्यापारी कुटुंबे मनीषनगरसारख्या वस्त्यांतील सदनिकांमध्ये राहावयास आली. सामान हलविताना प्रश्न उभा राहतो तो आजोबांच्या काळातील सागवानी कपाटाचा आणि पलंगाचा. ‘जागा अडते’ एवढ्याच कारणावरून ते मातीमोलाने विकले जाते आणि त्या जागी लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांचे, वर चकचकीत मुलामा असलेले फर्निचर येते. हा व्यवहार करण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडपुढे होता. कारखान्यांतील दिखाऊ वस्तूंना विटून विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये सहकाऱ्यांसह स्वतःची पेढी काढली. त्यांच्या प्रेरणेने वाढलेल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचे सूत्र सोपे होते : लाकूड अस्सल असावे, घडण साधी असावी आणि कारागिराचा सांधा लपवू नये. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८६५ मध्ये आलेले जॉन लॉकवुड किपलिंग याच विचारांचे. पुढे १८९१ मध्ये तेथे हस्तकलांच्या कार्यशाळाही सुरू झाल्या.

आपल्या विदर्भाला तर त्यासाठी लागणारे लाकूड घरचेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग लाकूड बाजारात आजही ‘सी.पी. टीक’ म्हणून ओळखला जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून हाच साग रवाना झाला.

उत्तम काम ओळखावे कसे? एका लाकडात चौकोनी खाच आणि दुसऱ्याला तीत घट्ट बसणारी जीभ, असा सांधा असेल तर खिळ्यांची गरज उरत नाही. कपाटाच्या दारातील फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसविलेली असते. कारण लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते आणि आपल्या उन्हाळ्यात आकसते. फळी चिकटवून टाकली, तर ती तडकते.

आता थोडा हिशेब. आयकराच्या नियमांनुसार व्यवसायातील फर्निचरवर १० टक्के घसारा मिळतो. एक लाखाची वस्तू वीस वर्षांनी खात्यावर सुमारे बारा हजारांची उरते. दाबीव फळीला पाणी लागले की ती फुगते, आणि तिची दुरुस्ती सहसा होत नाही. सागवानी वस्तू मात्र रंधा मारून पुन्हा नवी होते. ताळेबंदात न दिसणारी ही किंमत आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि लाक्षावाणिज्य येतात. नेहमीचे चपडीचे पॉलिश लाखेपासून, म्हणजे कीटकापासून बनते. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून. म्हणून कारागिराला आधीच सांगून जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवाव्यात.

नव्या झाडावर कुऱ्हाड न चालविता जुन्याच सागातून नव्या घराला साजेसे लहान कपाट किंवा बाक घडविता येतो. हाताने काम करणाऱ्या सुताराला त्यातून रोजगार मिळतो, आणि पूर्वजांची ठेव घरातच राहते. जुने फर्निचर विकण्याआधी एकदा जाणत्या सुताराला घरी बोलवावे, एवढीच विनंती.