लांबचा मार्ग, कमी वेळ

नवी दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये येथे विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पूर्ण झाला. चौदाशे किलोमीटर अधिक कापूनही वेळ वाचला, तो वाऱ्यामुळे.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात. उष्ण कटिबंध व ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन, ही त्यांची कारणे. हिवाळ्यात जपान व लगतच्या प्रशांत महासागरावर ते विशेष प्रबळ असतात. विमान हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. वारा पाठीशी असला तर त्याचा वेग यात मिळवायचा, समोरून असला तर वजा करायचा. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, याचा अर्थ ताशी सरासरी १,०५० किलोमीटरहून अधिक. वाऱ्याची साथ नसती तर याच मार्गाला सुमारे सतरा तास लागले असते.

मग सर्वांत जवळचा मार्ग का घेतला जात नाही? तो उत्तर ध्रुवाच्या परिसरातून जातो. तेथे आणीबाणीत उतरण्याजोगे विमानतळ मोजकेच आहेत आणि कडाक्याच्या थंडीत इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. शिवाय वाटेतील देशांची हवाई हद्द खुली असावी लागते. त्यामुळे नकाशावरील अंतर आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर क्वचितच जुळते.

प्रवाशाचा खरा गोंधळ घड्याळ करते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोची वेळ भारतापेक्षा साडेतेरा तास मागे असते, उन्हाळी वेळ लागू असताना साडेबारा तास. हिवाळ्यात दिल्लीहून सोमवारी सकाळी दहाला निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरले, तर तेथे सोमवारचेच सकाळचे अकरा वाजलेले असतात. उलट सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी सकाळी दहाला निघून सोळा तास प्रवास झाला, तर दिल्लीत मंगळवारी दुपारचे साडेतीन वाजतात. घड्याळाच्या हिशेबाने जाणे एका तासाचे आणि येणे साडेएकोणतीस तासांचे!

तिकिटावरील निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी करून प्रवासाचा कालावधी कळत नाही. मुलांकडे अमेरिकेस निघालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. इन्सुलिनसारख्या औषधाच्या दोन मात्रांमधील अंतर मनगटावरील घड्याळ बदलल्याने बदलत नाही. म्हणून तिकिटावर दिलेला एकूण उड्डाणकाळ पाहावा आणि औषधांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ताशी हिशेबाने आखून घ्यावे. किलोमीटरचा आकडा यात फारसा उपयोगी पडत नाही.